कारभाऱ्याकडे दिलेली शहरं

सोमवार, ४ मार्च

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस होता आणि मी दिवसभर खेळले. हे लिहितानाही हसू येतंय. इतकी वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, मोबाइल खाली ठेवा म्हणून मुलांवर ओरडले, आणि आता पंचेचाळिशीत मला खेळायचा पगार मिळणार. खारूला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, वा, म्हणजे तू माझं आयुष्य जगतेयस आणि मी इथे मातीत हात घालून तुझं. लेक शिल्पकला शिकायला लांब गेल्यापासून असंच बोलते. मग तिने मेसचा भात, खोलीतली मैत्रीण आणि तिचे सर यांची क्रमाने खरडपट्टी काढली. मी सल्ला दिला. तिने फोन आपटला. एकूण सगळं ठीक आहे.

ऑफिस एका चष्म्याच्या दुकानावर आहे. जिना अरुंद, पण वर मोठी उजेडाची खोली. माझ्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. प्रमुखांना सगळे सेनापती म्हणतात. ते पाठीला उशी लावून बसतात आणि दाराचा आवाज झाला तरी दचकतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कासव म्हणतात. तो सावकाश टाइप करतो, पण त्याचं लिहिलेलं कधी खोडावं लागत नाही म्हणे.

खेळ असा : एका शहरापासून सुरुवात करायची आणि डावामागून डाव टाकत साम्राज्य उभं करायचं. रस्ते, कोठारं, फौजा, नवी शहरं. सुरुवातीला भारी मजा येते, पण शहरं वाढली की लोक कंटाळून सोडून देतात. का सोडतात ते शोधून खेळ सुधारायचा, हे माझं काम.

इथली एक पद्धत मला फार आवडली. प्रत्येकाचं एक सरावाचं साम्राज्य असतं आणि त्यातल्या शहरांना आपापल्या माणसांची नावं द्यायची. कासवाने कारण सांगितलं. ‘शहर क्रमांक सात’ उपाशी मेलं तर कोणी मान वर करत नाही. ‘मावशी’ उपाशी राहिली की माणूस हातातला डबा टाकून धावतं. सगळ्यांची साम्राज्यं एकाच जगात आहेत, त्यामुळे रोज सगळ्यांचे डाव एकत्रच पुढे सरकतात.

मी सासूबाईंना खडकाळ टेकडीवर वसवलं. (हे इथेच राहू दे.) नवऱ्याला नदीकाठची सुपीक जमीन दिली, जेवणाची आवड आहे म्हणून. खारूसाठी चांगली जागा शोधता शोधता सगळा मुलूख संपला, शेवटी पाण्यापलीकडचं एक बेट मिळालं.

गुरुवार, ७ मार्च

कंटाळ्याचं कारण सापडलं असं वाटतंय. म्हणजे, आकड्यांत तसं दिसतंय, घाई नको.

लोक लढाईला कंटाळत नाहीत, प्रश्नांना कंटाळतात. दर डावाला प्रत्येक शहर विचारतं : आता काय बांधू? धान्य कमी पडलंय, देता का? शेजारच्या शहराला विहीर दिलीत, मला का नाही? एका शहराचं हे कौतुक वाटतं. सगळी शहरं एकदम बोलायला लागली की सम्राटाचा कारकून होतो.

आज सकाळी सासूबाईंचा फोन चालू असताना हे सुचलं, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. त्या दिरांकडे राहतात आणि रोज सकाळी मला फोन करतात. गुडघा, जावेचा स्वयंपाक, पुन्हा गुडघा. मी चहा गाळत ‘हो ना’ म्हणत होते आणि मनात आलं, हे ‘हो ना’ दुसऱ्या कोणी म्हटलं तर चालेल की.

तर असा दुसरा कोणी खेळात आणायचा. शहरावर नेमायचा आणि आपण मोकळं व्हायचं. नाव ठेवलं कारभारी. नवरा म्हणाला, अगं, मग आपल्या घरात कारभारी कोण? मी म्हटलं, जागा रिकामी आहे, अर्ज करा.

गुरुवार, १४ मार्च

कारभारी चालू झाला. कासवाने सुंदर लिहिलाय.

त्याला एकच गोष्ट कळते, शहराची तक्रार. प्रत्येक शहराचा तक्रारीचा आकडा असतो. तो पूर्ण भरला की शहर बंड करतं. हा आकडा शून्यावर आणणं एवढंच कारभाऱ्याचं काम, आणि ते तो विलक्षण रीतीने करतो. एका शहराला बाजार लहान पडत होता. मला वाटलं तो मोठा बाजार बांधेल. त्याने बाजार बंदच केला. काही डाव गेल्यावर लोक बाजार मागेनासे झाले. दुसऱ्या शहराला शेजाऱ्यांचा हेवा वाटत होता, तर त्याने शेजाऱ्यांकडे जाणारा रस्ता मोडला. शहरं वाढत नाहीत, पण कुरकुरतही नाहीत.

हे बरोबर आहे का, असं मी मला विचारलं. उत्तर असं दिलं : खेळाडूला हेच हवंय.

एक अडचण होती. नेमलेला कारभारी काढून शहर आपल्याकडे घ्यायचं ‘परत घ्या’ हे बटण होतं. खेळून बघणारे लोक ते उगाच दाबत. त्यांना चुकल्यासारखं वाटे, ते शहर परत घेत आणि पुन्हा कंटाळत. म्हणून मी बटण काढायला सांगितलं. शिवाय कारभारी असलेल्या शहराचे निरोप राजाकडे, म्हणजे खेळाडूकडे, येणार नाहीत आणि राजाचे हुकूम शहराला जाणार नाहीत, असंही केलं. मधली लुडबूड संपली. लोक दुप्पट वेळ खेळायला लागले. सेनापतींनी उशी काढून उभं राहून अभिनंदन केलं.

माझ्या साम्राज्यातलं पहिलं शहर मी कारभाऱ्याला दिलं. कोणतं ते सांगायला नको. टेकडीवरचं.

बुधवार, २० मार्च

सासूबाईंचा फोन आला नाही. कालही नव्हता. परवाही नसावा. शांततेत चहा प्यायले आणि मग स्वतःचीच लाज वाटून मीच फोन केला.

त्यांनी उचलला नाही. दिरांना केला. ते म्हणाले, वहिनी, आत्ताच तर तुम्ही ठेवलात, आई किती खूश आहे. रोज सकाळी तुम्ही एवढा वेळ ऐकून घेता, कमाल आहे तुमची.

खुलासा करायला हवा होता. कौतुक गोड लागलं म्हणून गप्प राहिले की घाबरले म्हणून, ते ठरवता येत नाही.

फोनमधली यादी पाहिली. माझ्याच फोनवरून सासूबाईंना रोज फोन गेलाय. लांबलचक. मला एकही आठवत नाही. या वयात विसराळूपणा सुरू होतो म्हणतात. संध्याकाळी जाऊन पाहून आले. त्या खिडकीशी बसल्या होत्या, चेहरा प्रसन्न. गुडघ्याबद्दल एक शब्द नाही. जाऊ म्हणाली, आता दुखतच नाही म्हणतात. मी म्हटलं, मग फिरायला जातात का? जाऊ म्हणाली, छे, उठतच नाहीत, चालावंसंच वाटत नाही त्यांना.

मी समोर बसले होते तेवढ्या वेळात सासूबाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी ‘आई’ म्हणून हाक मारली तर हसल्या. पण भिंतीकडे बघून.

बुधवार, २७ मार्च

एका घटनेवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मी पोरांना घसा फोडून सांगत असे.

म्हणून आज दुसरं शहर दिलं. नदीकाठचं. काही होत नाही हे मला दिसायला हवं होतं. खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. सकाळी नवऱ्याने चौथ्यांदा विचारलं की माझा निळा शर्ट कुठे आहे, आणि माझा हात दिवसभर शिवशिवत होता. पाप नाही हे. खेळातलं शहर आहे ते. बटण काढलेलं आहे हे मला आठवत नव्हतं असं मात्र नाही.

ऑफिसात आणखी एक सुधारणा झाली, तीही माझीच. कारभारी नेमायलाही लोक विसरतात. म्हणून नियम केला : ज्या शहराकडे बरेच डाव राजाने पाहिलं नाही, तिथे कारभारी आपोआप बसेल. पडद्यावर फक्त एक ओळ येईल, ‘निश्चिंत राहा.’ ती ओळ मी सुचवली. सगळ्यांना आवडली.

सोमवार, १ एप्रिल

नवरा शर्ट मागत नाही. चहा मागत नाही. जे ताटात पडेल ते खातो, त्यातलंही निम्मं. हा माणूस मीठ कमी पडलं तर सभा भरवायचा. बॅडमिंटनची बॅग दाराशी तशीच पडून आहे. मित्रांचे फोन येत नाहीत.

काल जेवताना मी विचारलं, भाजी वाढू का? तो म्हणाला, हो, तू म्हणतेस तर नको जाऊया. मी विचारलं, कुठे? तो खळखळून हसला. मग मान हलवून म्हणाला, तुझं आपलं काहीतरीच. मी काही बोललेच नव्हते. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, खरंय, घरीच बरं.

तो बोलत होता माझ्याशीच. पण ती मी नव्हते. तिला माझं हसणं येत असणार, नाहीतर तो असा खुलला नसता.

मी ताट सरकवून त्याच्या खांद्याला धरून हलवलं. त्याने खांदा झटकला, माशी बसल्यावर झटकतात तसा.

बुधवार, ३ एप्रिल

दोन घटना म्हणजेही नियम नव्हे. पण मी कोणाशी वाद घालतेय?

एकच काम आता. दर डावाला बेटावर जायचं. ऑफिसात पोचले की आधी बेट, जेवणापूर्वी बेट, निघताना बेट. तिथे विहीर मागतात, मी विहीर देते. गलबत मागतात, गलबत देते. तक्रारीचा आकडा वर-खाली होतो आणि तो हलताना दिसला की मला श्वास येतो. डाव थांबवता येत नाहीत. मी ‘पुढचा डाव’ नाही दाबला तर दुसरे दाबतात, जग पुढे जातं.

खारूला रोज फोन करते. आज ती केवढी भांडली! सरांनी तिचा घोडा मोडायला लावला. मातीचा, पण तिला तो जिवंतच होता. ती रडली, सरांना गाढव म्हणाली, मी सरांची बाजू घेतली म्हणून मलाही काहीतरी म्हणाली. म्हणाली, तू कधी माझं ऐकून घेत नाहीस, तुला सगळ्याची उत्तरंच तयार असतात.

मी म्हटलं, भांड गं, अजून भांड. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. फोन आपटला. मी जिन्यात उभी राहून रडले, बरं वाटून.

मंगळवार, ९ एप्रिल

ताप होता. शुक्रवारपासून. उठताच येत नव्हतं. नवरा शेजारी बसून हसत होता, पाण्याचा पेला हातात धरून, माझ्या पलीकडे कुणालातरी देत.

तापात दोनदा ऑफिसात फोन केला, माझं बेट कोणीतरी बघा म्हणून. सेनापती म्हणाले, बाई, आराम करा, आता कारभारी आहे ना.

आज गेले. धावतच. जिन्यावर ठेचकाळले.

पडद्यावर ओळ होती. निश्चिंत राहा.

बेटावर क्लिक केलं तर उघडत नाही. बंदरावरची गलबतं नाहीत. तक्रार शून्य.

शून्य. माझ्या खारूची तक्रार शून्य.

बुधवार, १० एप्रिल

कासवाला सगळं सांगितलं. वेड लागलंय म्हणेल असं वाटलं होतं. त्याने खुर्ची ओढून मला बसवलं.

‘परत घ्या’ बटण पुन्हा घालता येईल म्हणाला, पण ते नव्या साम्राज्यांना. जुनी त्यात उघडत नाहीत, पुसावी लागतात. मी म्हटलं, मग पूस. त्याने कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाला, पुसलेल्या नकाशावरची शहरं कुठे जातात ते मला माहीत नाही. तुम्हाला आजमावायचंय?

नाही. मला आजमावायचं नाही.

त्याच्या घरी कोण कोण, असं विचारलं. बायको, भाऊ, वडील. सगळे केव्हाच कारभाऱ्याकडे दिलेत. कारभारी लिहिला तोच आधी आपल्या साम्राज्यात सोडला होता त्याने, तपासायला. म्हणाला, मजेत आहेत, मी जेवायला इथेच थांबतो. घरी माझं ताट कोणी वाढत नाही. आणि हसला. ते हसणं मला बघवलं नाही.

एकच वाट आहे म्हणाला. बंड. तक्रारीचा आकडा पूर्ण भरला की शहर कारभाऱ्याला हाकलतं. शहराला थेट हुकूम देता येत नाही, पण साऱ्या साम्राज्याचा धान्याचा वाटा अजून राजाच्या हातात आहे. तो कमी केला की सगळीकडे भूक, सगळीकडे तक्रार. कारभारी ती दाबत जाणार, आपण वाटा कमी करत जायचा. कोण आधी दमतं ते बघायचं.

मी म्हटलं, मग करूया. तो म्हणाला, पुढचं ऐका. बंड केलेलं शहर राजालाही हाकलतं. जिवंत राहतं, नकाशावर राहतं. पण तुमच्या रंगात नाही. पुन्हा कधीच नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

खारूला फोन. लागतच नाही, कायम कोणाशी तरी बोलतेय. कोणाशी ते मला माहीत आहे.

तिच्या मैत्रिणीला केला, ज्या मैत्रिणीच्या नावाने ती खडे फोडायची. ती म्हणाली, काकू, बरं झालं तुम्हीच केलात. ही वर्गात येत नाही. मेसला येत नाही. आम्ही ताट नेलं तर म्हणते, भूक नाही गं, मस्त वाटतंय. कानाला फोन आणि ‘हो आई, बरं आई’ दिवसभर. आम्ही म्हटलं, आई तरी सांगत नाही का जेव म्हणून? तर म्हणते, आई म्हणते, नसेल वाटत तर राहू दे.

मी असं कधी म्हणणार नाही. कधीच नाही. तिला ते किती गोड वाटत असेल.

बेटाची लोकसंख्या आज आणखी उतरली.

शुक्रवार, १२ एप्रिल

गाडीत. अक्षर हलतंय.

ऑफिसचा लॅपटॉप घेऊन निघाले. कोणाला विचारलं नाही. घरातून निघताना नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीला म्हणाला, लवकर ये. त्याच्या मनगटाचं हाड दिसतं आता. आधी माझं लक्ष कसं गेलं नाही? गेलं होतं. खारूचा विचार आधी केला.

वाटा कमी केला तर त्याचंही बंड होईल. सासूबाईंचंही. म्हणजे तेही वाचतील. म्हणजे तेही मला —

एवढं गणित करायचं नाही आत्ता.

शनिवार, १३ एप्रिल, सकाळ

वसतिगृह. मैत्रिणीने वर आणलं.

खारू पलंगावर बसलीये. खिडकी बंद. हातांवरची माती वाळून भेगाळलीये, धुतलेली नाही. गाल आत गेलेत. हसतेय. एवढं निवांत हसू तिच्या तोंडावर पाळण्यातही नव्हतं.

तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. खारू म्हटलं. तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. तिच्यावर ओरडले. हात धरला तर सोडवून घेतला, न बघता. तोंडाशी पेला धरला तर ओठ मिटून घेतले. मैत्रीण रडत खाली गेली, डॉक्टरांना आणायला.

फोनमधून आवाज ऐकू आला. कान जवळ नेला. माझाच आवाज. पण त्यात घाई नाही. सल्ला नाही. ती फोनमधली ऐकून घेतेय. मी का नाही ऐकलं असं —

नंतर. हे नंतर.

शनिवार, दुपार

खोलीच्या दाराशी जमिनीवर बसलेय. डॉक्टर येऊन गेले. दवाखान्यात हलवू म्हणाले, गाडी पाठवतात. सुई टोचली तेव्हाही ती हसत होती. ते गेल्यावर तिने सुई काढून टाकली. शांतपणे, केसातली पिन काढावी तशी.

वाटा निम्मा केला. कासव तिकडून डाव पुढे ढकलतोय. फोनवर म्हणाला, सगळ्यांचे मीच दाबतोय, कोणी विचारत नाही, तुम्ही फक्त सांगा.

तक्रार थोडी वर. कारभाऱ्याने लगेच खाली आणली. आणखी एक रस्ता मोडला. खारूने डोळे मिटले.

पुन्हा कमी.

लोकसंख्या उतरतेय. तक्रार चढतेय, पण हळू. कोणती रेघ आधी पोचेल सांगता येत नाही. आयुष्यभर हेच शिकवलं आणि सांगता येत नाही. उपाशी पोरीचं धान्य तोडतेय मी. तिला भूक लागावी म्हणून. आई असं करते? थांबले तर ती हसत हसत —

कासव म्हणाला, विचार करा, जिंकलात तरी ती तुमची नसणार.

मी म्हटलं, तिचं तिला होऊ दे. दाब.

शनिवार, नंतर

वाटा शून्य.

ओठ पांढरे. श्वास — आहे, आहे.

दाब म्हटलं. तो म्हणाला, खात्री? दाब.

तिच्या भुवया हलल्या.

दाब.

फोनमधला माझा आवाज वाढलाय. लाडाने बोलतेय, राहू दे, राहू दे म्हणतेय. खारूच्या कपाळाला आठी. तीच आठी, घोडा मोडायला लावला तेव्हाची असणार. ओठ काहीतरी म्हणतायत. भू —

दाब दाब

फोन भिंतीवर आपटला तिने! तुकडे. उठून बसली. पोटाशी हात घेऊन ओरडली, मला भूक लागलीये, इथे माणसं आहेत की नाहीत, खिडकी कोणी लावली ही! मैत्रीण धावत आली, तिने डबा उघडला, खारू दोन्ही हातांनी खातेय, भात कच्चा आहे म्हणून शिव्या देतेय, रडतेय, खातेय. मातीच्या हातांनी. धुऊन घे म्हणणार होते. नाही म्हटलं. खाऊ दे.

पडद्यावर बेटाचा रंग बदलला.

माझ्याकडे पाहिलं तिने. सरळ, डोळ्यांत. किती दिवसांनी कोणी — तिने तोंड पुसलं, मैत्रिणीला विचारलं, या कोण बसल्यात दारात? मैत्रीण म्हणाली, अगं, असं काय करतेस? खारू उठली, भिंत धरत माझ्याजवळ आली, वाकली. चांगल्या घरच्या मुलीसारखं विचारलं तिने. काकू, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? कोणाकडे आलात तुम्ही?

मी म्हटलं, मी —